प्रमोशन हुकलेला मास्तर

अप्रेझलचा मोसम आला की आमच्या मजल्यावर कॉफी मशीनपाशी दोनच विषय असतात. कोणाला किती टक्के मिळाले, आणि "यार, आता आपण स्वतःचं काहीतरी सुरू करायला पाहिजे". दुसरा विषय साधारण दोन आठवडे टिकतो. :) याच मोसमात दरवर्षी मला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. भारतातल्या 'प्रमोशन नाकारलं म्हणून राजीनामा' प्रकारातली सर्वात गाजलेली केस बहुधा त्यांचीच!

गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (म्हणजे आजचं व्हीजेटीआय, तेव्हा भायखळ्याला होतं) ते शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली. मानी मास्तरांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. पुढे कारखाना, किर्लोस्करवाडी वगैरे. अपमान झाला आणि उद्योगपती जन्माला आला, असा सिनेमाला शोभेल असा कट.

मला मात्र ही गोष्ट अशी सांगणं पटत नाही. अपमान काय, रोज हजारो लोकांचे होतात. माझ्या मते खरी गंमत राजीनाम्याच्या आधीच्या वर्षांत आहे.

लक्ष्मणराव १८६९ चे. मुंबईला आले ते चित्रकार व्हायला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. वडिलांचा या प्रकाराला फारसा उत्साह नव्हता, थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. आणि मग कळलं की काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळा चित्रकार! इथे एखादा गावी परतला असता. यांनी रंग सोडले पण रेघ सोडली नाही. यांत्रिक ड्रॉइंग शिकले, आणि त्याच जोरावर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची नोकरी मिळाली.

आता इंजिनियरिंगला ड्रॉइंगच्या शीटा घासलेल्या सगळ्यांना माहीत आहे की ड्रॉइंग म्हणजे चित्र नव्हे. एखादा भाग वरून, पुढून, बाजूने कसा दिसेल हे डोक्यात फिरवावं लागतं. तो ओतायचा कसा, साच्यातून निघेल का, हेही कळावं लागतं. पण नोकरी होती ड्रॉइंग शिकवायची, साचे करायची नव्हे. म्हणून लक्ष्मणराव मोकळ्या वेळात इन्स्टिट्यूटच्याच वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रं हाताळायला, खोलून जोडायला शिकले. आपल्या भाषेत, जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नसलेलं काम. त्यासाठी ना सर्टिफिकेट मिळणार होतं ना (पुढे सिद्धच झालं) प्रमोशन!

दुसरी गोष्ट सायकलींची. किर्लोस्कर समूह आपला जन्म १८८८ चा धरतो, तो या सायकलींच्या धंद्यापासून. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे, रामूअण्णा तिथे विकायचे. किंमत सातशे ते हजार रुपये, म्हणजे गिऱ्हाईक साहेब किंवा सावकारच. त्यांना सायकल येत नसे, म्हणून रामूअण्णा पंधरा रुपये घेऊन शिकवायचेही. प्रॉडक्टबरोबर ट्रेनिंग विकायची आयडिया आमच्या इंडस्ट्रीची नाही तर! (आणि आजच्या ऑफर लेटरमधल्या 'दुसरा व्यवसाय करणार नाही' या कलमात हे सगळं बसलं असतं का, देव जाणे.)

म्हणजे नोकरी सोडली तेव्हा या माणसाकडे ड्रॉइंग होतं, वर्कशॉपमध्ये काळे झालेले हात होते, बेळगावात दुकान होतं आणि विकणारा भाऊ होता. उडी मोठी होती, पण खाली पाणी आहे हे बघून मारलेली.

तरीही पुढचं सोपं नव्हतंच. बेळगावात कडबा कापायची यंत्रं केली, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन ओरखडतो, लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलटी करतो, हरळी-कुंद्यासारखं तण मुळापासून उपटतो. इंजिनियरच्या दृष्टीने विषय संपला. शेतकऱ्याच्या दृष्टीने नाही. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असा त्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपण दोन आठवड्यांत डाउनलोड आले नाहीत तर ॲप बंद करतो.

मला वाटतं, इथे मास्तरकी कामाला आली. समोरच्याला मूर्ख न समजता तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, शेतात दाखवून समजवायची, हा चिवटपणा कोडिंग करून येत नाही. टीममध्ये नव्या पोरांना शिकवायचं काम आपण 'वेळ जातो' म्हणून टाळतो तेव्हा नेमकं काय टाळतो, याचा मी हल्ली विचार करतो.

बरं, सगळं त्यांच्या कर्तृत्वावर घालणंही बरोबर नाही. नव्या वसाहतीसाठी बेळगाव नगरपालिकेला जागा हवी झाली आणि कारखान्यावर उठायची पाळी आली. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. आधी औंधच्या देवळाच्या सभामंडपाचं काम दिलं, मग कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्ज. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. असा संस्थानिक भेटला नसता तर? सभामंडपाचं काम कारखान्याचं नव्हतं हे खरं, पण मास्तरांनी ते नाकारलं नाही. राजाने माणूस पारखला तो त्या कामावरून, असं आपलं मला वाटतं.

पुढे १९२० मध्ये पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. निघालं कारखान्याची माहिती लोकांना द्यायला, आणि झालं मराठीतलं एक मोठं मासिक. नांगरांच्या कारखान्यातून मासिक, हा आणखी एक जॉब डिस्क्रिप्शनबाहेरचा उद्योग. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, एखाद्या शनिवारी लिहीन.