डक्ट नसलेली इमारत

इमारतीचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये डक्टचं एक टोक कशालाच न जोडता सोडलं, की इशारा येतो. हवा आत आली तर ती कुठून तरी बाहेर जायला हवी, एवढाच त्यामागचा हिशेब. हा हिशेब अजिंठ्याला लावून बघा.

वाघोरा नदीच्या वळणावरची ही लेणी बेसॉल्टच्या कड्यात समोरून आत कोरली आहेत. म्हणजे दारं-खिडक्या एकाच बाजूला. मागे अख्खा डोंगर. ९, १०, १९ आणि २६ या चैत्यगृहांना दारावर मोठं गवाक्ष आहे. ते उजेडासाठी असलं, तरी गरम हवेला वरून वाट मिळते. १, २, १६, १७ या विहारांना ती सोय नाही, आणि प्रसिद्ध चित्रं जास्त करून तिथेच आहेत.

पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली ही चित्रं ओल्या चुन्यावर नाहीत. माती, भुसा, वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर रंग. असा गिलावा हवेतला ओलावा पितो आणि सोडतो.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ इथे पोचला आणि लेणी जगासमोर आली. १८७२ पासून ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कला शाळेचे विद्यार्थी नकला करत होते. तेव्हा रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर वार्निश चढलं. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, पण लाखेचा थरही दिला. तो पिवळा पडला. श्वास घेणाऱ्या भिंतीचं तोंडच बंद झालं. पुढे पुरातत्त्व खात्याची कितीतरी वर्षं हे थर हळूहळू काढण्यात गेली.

आता आपला हिशेब. एक माणूस साधारण १०० वॅट उष्णता आणि तासाला ५० ग्रॅमच्या आसपास बाष्प सोडतो. ४० माणसं म्हणजे ४ किलोवॅट, तासाला दोन लिटर पाणी. ऑफिसात आपण एक एक्झॉस्ट डक्ट जोडून मोकळे होऊ. इथे भोक पाडायचं कुठे?

म्हणून चित्रांच्या मुख्य लेण्यांत एका वेळी ४० जण आणि १५ मिनिटं, असा नियम आला. हवा बदलता येत नाही, तर माणसं बदलायची. आतला पहारेकरी "चला, पुढे चला" म्हणतो तेव्हा आपल्याला राग येतो. पण त्या लेण्याची व्हेंटिलेशन यंत्रणा तीच आहे.