मीठ, सोरा आणि एक गोठलेली बॅटरी

लखनौला पोस्टिंग झाली की संध्याकाळचं 'गंजिंग' आपोआप अंगवळणी पडतं. गंजिंग म्हणजे हजरतगंजच्या दुकानांपुढून उगाच रमतगमत चालणं. मे महिन्यात अशाच एका संध्याकाळी, अमजद अली शाहच्या इमामबाड्यापासून थोडं पुढे, मुलीला कुल्फी घेऊन दिली. कुल्फीवाल्यानं माठातल्या बर्फावर मूठभर जाडं मीठ टाकलं. मुलीनं विचारलं, "बाबा, बर्फ थंडच असतो की. मग मीठ कशाला?"

उत्तर सोपं आहे. मीठ मिसळलं की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. बर्फ वितळू लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता कुल्फीतून ओढून घेतो. मिठाचं प्रमाण नीट जमलं तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरतं. पण घरी परतताना मला या भागातला जुना बर्फ आठवत राहिला.

अकबराच्या दरबारात पाणी सोऱ्यानं थंड करत, असं अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त सांगतो. सोरा म्हणजे आपल्या दारूगोळ्यातलाच. तो पाण्यात विरघळताना उष्णता शोषतो. तोफेत आग लावणारा पदार्थ सुरईत गारवा देतो, याचं अबुल फजललाही कौतुक वाटलं होतं.

त्याहून मोठी गंमत अलाहाबादची. तिथे हिवाळ्यात चक्क बर्फ पिकवत. सुमारे दोन फूट खोल खड्ड्यात उसाची वाळलेली चिपाडं पसरायची, वर उथळ, कच्च्या मातीच्या थाळ्या मांडायच्या आणि संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. सूर्य उगवायच्या आत माणसं बर्फ गोळा करत. हवा शून्याच्या वर असली तरी बर्फ होई. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतं. ती घ्यायला कुणीतरी लागतं. इथे ती निरभ्र आकाश घेई, थोडी बाष्पीभवनात जाई, आणि चिपाडं खालच्या जमिनीची ऊब वर येऊ देत नसत.

ही पद्धत १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडणारा माणूस फौजीच होता. कंपनीच्या बंगाल सैन्याचा सरसेनापती राहिलेला सर रॉबर्ट बार्कर. मराठी वाचकानं हे नाव लक्षात ठेवावं. १७७२ च्या सुरुवातीला महादजी शिंद्यांच्या बळावर शाह आलम दिल्लीत परतला. त्याच वर्षी अवधचा शुजाउद्दौला आणि रोहिले यांच्यात मराठ्यांविरुद्ध करार झाला, तेव्हा हा बार्कर तिथे हजर होता. म्हणजे आपल्याविरुद्धच्या राजकारणात गुंतलेल्या माणसानं मातीच्या थाळ्याही तितक्याच बारकाईनं पाहिल्या होत्या.

मी एवढं बारकाईनं पाहिलं नव्हतं. कॅप्टन असताना लडाखमधल्या एका चौकीवर होतो. जनरेटर बिघडला होता, म्हणून दोन दिवस रेडिओ गाडीच्या बॅटरीवर चालवायची परवानगी मीच दिली. तिसऱ्या रात्री एका जवानाच्या छातीत पाणी भरू लागलं. त्याला ताबडतोब खाली न्यायचं होतं. गाडी सुरू होईना. बॅटरी गोठून तडकली होती.

पूर्ण चार्ज बॅटरीतलं आम्ल साधारण उणे ६० अंशांपर्यंत गोठत नाही. बॅटरी उतरली की आम्लाचं जवळजवळ पाणी होतं आणि ते उणे दहाच्या आसपासच गोठतं. बॅटरी तीच, थंडीही तीच. आत विरघळलेलं आम्ल तेवढं संपलं होतं. हे मी अकादमीत शिकलो होतो, पेपरात लिहिलंही होतं. खालच्या चौकीवरून दुसरी गाडी यायला चार तास लागले. त्या चार तासांत आमचा नर्सिंग असिस्टंट त्याच्या तोंडावरचा ऑक्सिजन धरून बसला होता. जवान वाचला. श्रेय त्या नर्सिंग असिस्टंटचं, माझं नव्हे.

तेव्हापासून थंडीच्या चौकीवर जाणाऱ्या प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला मी तापमानाआधी बॅटरीचं हायड्रोमीटर वाचायला सांगतो.

मुलीला एवढं सगळं सांगितलं नाही. "मिठामुळे बर्फ शून्याच्याही खाली जातो," एवढंच म्हणालो. तोवर तिची कुल्फी वितळायला लागली होती.