वायरमन परमिट: हातातल्या हुनरला कागदाची जोड

मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, मिरज... कुठल्याही वस्तीत पाहा, वायरिंगचं काम येणारी मुलं गल्लोगल्ली सापडतील. मामू किंवा चाचाच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागायचं आणि चार-पाच वर्षांत तयार व्हायचं, हा जुना रस्ता. काम उत्तम येतं, पण परमिट नसतं. मग अख्ख्या इमारतीचं वायरिंग आपला मुलगा करतो आणि नवीन वीज कनेक्शनसाठी लागणाऱ्या टेस्ट रिपोर्टवर सही मात्र परवानाधारक ठेकेदाराची लागते. मेहनत आपली, सहीचा मोबदला दुसऱ्याला. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार (आधी २०१०चे, आता २०२३चे) घरातला दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं कुणीही करू शकतो. त्यापलीकडच्या कामाला तीन कागद लागतात: ठेकेदाराचं लायसन्स, देखरेख करणाऱ्या सुपरवायझरचं प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं वायरमन परमिट. हे कागद राज्य सरकार देतं. महाराष्ट्रात हे काम विद्युत निरीक्षण यंत्रणेशी जोडलेलं अनुज्ञापक मंडळ पाहतं. सरकारी कागदांत वायरमनला 'तारतंत्री' आणि इलेक्ट्रिशियनला 'वीजतंत्री' म्हणतात. अर्ज भरताना हे शब्द लक्षात ठेवा.

परमिटकडे जाणारे रस्ते

*आयटीआय:* सर्वात पक्का रस्ता. वीजतंत्री ट्रेड दोन वर्षांचा असून त्याला दहावी पास लागते. कोर्सनंतर अप्रेंटिसशिप जरूर करा. ती १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली होते, त्यात विद्यावेतन मिळतं आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळतं.

*अनुभवावरून:* जे आधीपासून कामात आहेत त्यांनी मंडळाच्या वायरमन परीक्षेची चौकशी करावी. अनुभवाचा दाखला लागतो. त्यामुळे ज्या ठेकेदाराकडे काम करता त्याच्याकडून तारखांसह लेखी दाखला आजच घेऊन ठेवा. पाच वर्षांनी तो सापडेलच असं नाही.

एक गैरसमज दूर करू. कौशल्य विकास योजनेत काही दिवसांची चाचणी देऊन मिळणारं आरपीएल प्रमाणपत्र नोकरीला उपयोगी पडतं, पण ते वायरमन परमिट नव्हे. दोन्हींत गल्लत करू नका.

परीक्षेची तारीख, फी, कुणाला सूट, हे सगळं जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. 'परमिट काढून देतो' म्हणणाऱ्याच्या हातात मूळ मार्कशीट देऊ नका.

आखातात जायचं असेल तर

आपलं राज्याचं परमिट तिकडे थेट चालत नाही. सौदी अरेबियाने इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर अशा कामांसाठी कौशल्य चाचणी ठेवली आहे. मात्र आयटीआयचं शिक्षण झालेल्याला ती सोपी जाते. दुसरी गोष्ट पासपोर्टची. दहावी नापास मुलाच्या पासपोर्टवर 'ईसीआर' येतं आणि आखाती देशांत कामासाठी जाताना वेगळी सरकारी मंजुरी लागते. दहावी पास झाल्यास ही अट सुटते. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही.

अम्मी-अब्बूंसाठी

शॉर्ट सर्किट होऊन आग लागली किंवा कुणाला शॉक बसला, तर पहिला प्रश्न येतो, 'काम कुणी केलं? परमिट होतं का?' तेव्हा वस्तादचं नाव कामी येत नाही. मुलगा दहावीला असेल तर मध्येच शाळा सोडवून साइटवर पाठवू नका. एक वर्ष थांबा. दहावीची ती एक मार्कशीट आयटीआय आणि पासपोर्ट, दोन्ही ठिकाणी त्याच्या उपयोगाला येईल.