जुनी बिडाची शेगडी खोलीत धूर का सोडते? पेटवण्याआधी काय तपासायचं?

अमेरिकेतल्या व्हरमाँट, मेन यांसारख्या थंड राज्यांत जुन्या घराच्या बैठकीत हमखास एक काळी, जाडजूड शेगडी दिसते. चार पाय, पुढे दार आणि धुराड्यात शिरणारा पाइप. घर विकत घेतलं की बहुतेक वेळा ती घरासोबतच मिळते. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही मग हौसेने लाकडं आणतात, शेगडी पेटवतात आणि दहा मिनिटांत खोलीभर धूर होतो.

ही शेगडी बिडाची असते. बीड म्हणजे इथे जिल्हा नव्हे, तर ओतीव लोखंड; आपला घावनाचा तवा ज्याचा असतो तेच. त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. त्यामुळे ते साच्यात ओतायला सोपं, पण ठिसूळ असतं. मात्र धूर होतो तेव्हा दोष बहुधा बिडात नसतो. तो हवेच्या वाटेत असतो.

आधी धुराडं बघा

गरम हवा वर चढते आणि मागून खोलीतली हवा शेगडीत ओढली जाते. ही ओढ नसेल तर धूर उलटा खोलीत येतो. कारणं साधी असतात. धुराडं गार पडलेलं असतं, वरच्या टोपीच्या जाळीत काजळी साचलेली असते किंवा पक्ष्याचं घरटं असतं. कधी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा घरातली हवा बाहेर फेकत असतो आणि तिची भरपाई धुराड्यातूनच होते. पंखा बंद करून एक खिडकी किंचित उघडली की हा प्रकार लगेच लक्षात येतो.

सरपण ओलं असेल तर प्रश्न अधिक गंभीर होतो. लाकडात २० टक्क्यांहून जास्त पाणी असलं की आग मंद जळते. न जळलेले वायू थंड धुराड्यात थिजून आतून डांबरासारखा थर धरतात. याला क्रिओसोट म्हणतात. हा थर पेटला तर धुराड्यालाच आग लागते आणि ती छतापर्यंत जाऊ शकते. म्हणून धुराडं वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यायचं. जुनी शेगडी असेल तर पहिली काडी ओढण्याआधीच.

मग दार आणि सांधे

दाराच्या कडेला खाचेत एक जाड, उष्णतारोधक दोरी बसवलेली असते. ती वर्षानुवर्षांच्या वापराने दबून कडक होते. तपासायची युक्ती सोपी आहे: थंड शेगडीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ती अडकली तर ठीक. सहज निसटली तर तिथून हवा शिरते आहे. दाराच्या चारही बाजूंना असं करून बघावं.

दोरी बदलणं घरी जमतं. जुनी काढून खाच साफ करायची, खास सिमेंट लावायचं आणि त्याच जाडीची नवी दोरी न ताणता बसवायची. ताणली तर बारीक होते आणि पुन्हा फट राहते. खूप जुन्या शेगडीच्या दोरीत किंवा सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. शंका असेल तर ते खरवडू नये, तज्ज्ञाला बोलवावं.

शेगडीचे पत्रे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि सांध्यांत भट्टीचं सिमेंट भरलेलं असतं. ते गळून पडलं की नको तिथून हवा शिरते, आग आवरत नाही आणि बीड लालसर दिसू लागतं. अंधाऱ्या खोलीत शेगडीच्या आत टॉर्च ठेवली की उजेडाच्या रेघा कुठे फुटतात ते दिसतं. लहान फट सिमेंटने बुजते. अनेक सांधे उघडे असतील, तर शेगडी पूर्ण सुटी करून पुन्हा बांधावी लागते. हे काम वेळखाऊ आहे, कारण गंजलेले बोल्ट फिरण्याऐवजी तुटतात.

गंज मात्र दिसतो तितका वाईट नसतो. तारेच्या ब्रशने घासून उष्णता सोसणारा रंग लावला की काम होतं. पहिल्या एक-दोन वेळा या रंगाचा उग्र वास येतो, तेव्हा आग लहान आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

तडा गेला असेल तर?

तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं किंवा आग प्रमाणाबाहेर भडकली की पत्रा तडकतो. साधं वेल्डिंग केलं तर शेजारी नवा तडा जातो. त्यासाठी पत्रा आधी तापवून निकेलचा रॉड वापरावा लागतो, आणि आगीला थेट लागून असलेल्या भागात तेही फारसं टिकत नाही. त्यापेक्षा पत्राच बदलावा. नॉर्वेची योतुल, अमेरिकेची व्हरमाँट कास्टिंग्ज अशा कंपन्यांच्या अनेक जुन्या मॉडेल्सचे सुटे भाग मिळतात. नाव आणि मॉडेल बहुधा शेगडीवरच ओतलेलं किंवा मागच्या पट्टीवर असतं. भाग मिळत नसेल तर ती शेगडी पेटवू नये. शोभेला ठेवायला हरकत नाही.

दुरुस्तीनंतरही त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. या वायूला ना रंग असतो ना वास. धूर डोळ्यांना दिसत नसतानाही तो खोलीत साचू शकतो. आणि राख झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून घराबाहेर ठेवावी, कारण तिच्यातले निखारे विझल्यासारखे दिसले तरी कित्येक तास, कधी कधी काही दिवसही धुमसत राहतात.