पट, पोळा आणि गवळाऊ

अमेरिकेत जुन्या मसल कारवाल्यांचे दोन पंथ आहेत. एक ड्रॅग रेसवाला. सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे साधारण ४०२ मीटर, दोन गाड्या शेजारी-शेजारी, आणि जो आधी पोचला तो जिंकला. ह्याला १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ दिली तर तो आधी सीट काढून वजन कमी करेल. दुसरा रिस्टोरेशनवाला. ह्याला तीच गाडी हवी, पण मूळ इंजिनासकट, मूळ रंगात. मग रविवारी सावकाश चक्कर मारायची, लोकांनी बघायचं. दोघं एकमेकांना नावं ठेवतात. पहिला म्हणतो, पळवायची नाही तर गाडी कशाला? दुसरा म्हणतो, तोडून टाकलीस, आता पळवतोयस काय?

तर मंडळी, हाच वाद आपल्या वर्धा जिल्ह्यात कितीतरी जुना आहे. फक्त तिथे इंजिनाला चार पाय आहेत.

वर्ध्याची स्वतःची गुरांची जात आहे, गवळाऊ. आर्वी, कारंजा, आष्टी हा तिचा मुख्य मुलूख. पुढे नागपूर, छिंदवाडा, शिवनीपर्यंत पसरलेली. पांढरा रंग, लांबट निमुळतं तोंड, हलकं अंग. आंध्रातल्या ओंगोलसारखी दिसते, पण अंगाने सडपातळ. १९५३ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने भारत-पाकिस्तानच्या गुरांवर जोशी आणि फिलिप्स यांचं एक पुस्तक काढलं, त्यात हिची नोंद आहे. मराठ्यांच्या फौजांना डोंगराळ भागातून सामान झपाट्याने हलवायला ही जात उपयोगी पडली, असं परंपरेने मानलं जातं. थोडक्यात, हा बैल मुळात वेगासाठी निवडलेला आहे.

त्या वेगाचे दोन उपयोग झाले. एक प्रवासाचा. विदर्भात माल वाहायची ती बंडी, आणि माणसं न्यायची ती रेंगी किंवा दमणी, हलकी आणि छान सजवलेली. जत्रेला, लग्नाला पाटलाची दमणी निघाली की गावाने बघत राहावं. हे आपलं क्रूझिंग! आणि वर्षातून एकदा पोळा. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळा. पोळा म्हणजे कार शोच की.

दुसरा उपयोग शंकरपटाचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या शर्यती तुम्ही पाहिल्या असतील, पण विदर्भातला पट वेगळा. सरळ धावपट्टी, दोन जोड्या शेजारी-शेजारी, हलक्या गाडीवर धुरकरी, आणि निकाल सेकंदांत. हुबेहूब ड्रॅग रेस. वर्धा नदीपलीकडचं, अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर ह्या पटासाठी प्रसिद्ध आहे. तिथे बायकाही धुरकरी म्हणून उतरतात.

पटाची काळी बाजूही आहे. घड्याळातला एक दशांश सेकंद वाचवायला टोचणी, चाबूक, शेपटी पिरगाळणं असे प्रकार चालायचे. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने खेळ-प्रदर्शनात वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल आला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. २०१७ साली राज्याने कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयात तो अडला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव १००० मीटरच्या आत हवी, आणि काठी-चाबूक चालत नाही.

ह्या सगळ्या भांडणात पटवाल्यांचा मोठा मुद्दा होता: शर्यत राहिली तरच देशी जात राहील. मुद्दा पोकळ नाही. ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्याला काम उरलं नाही. ज्याला काम नाही त्याला वैरण कोण घालणार? पटामुळे निदान काही गोऱ्ह्यांना किंमत येते.

पण प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर पट हा बेंचमार्क आहे. आणि बेंचमार्क फक्त जे मोजतो तेच वाढवतो. घड्याळ सेकंद विचारतं, वंशावळ विचारत नाही. उद्या दुसऱ्या जातीचा किंवा संकराचा बैल जास्त पळाला, तर पटवाला तोच घेणार. त्याचं काही चुकलं नाही, पण गवळाऊ त्यात टिकेलच असं नाही. पोळ्याचंही तेच. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा मोठा गाजतो; पोरं चाकांचे लाकडी नंदी घेऊन मिरवतात. खरा बैल नसला तरी हा सण थाटात होतो. कौतुक आहे, पण म्हणून कौतुकाने जात वाचत नाही.

मला वाटतं दोन्ही पंथ एकच गोष्ट विसरतात, गाय. बैल पळतो, मिरवतो. जात मात्र गाईच्या पोटी चालते. आणि गवळाऊ गाय एका वेतात सरासरी सहाशे किलोच्या आसपास दूध देते. संकरित गाय त्याच्या कितीतरी पट. लिटरवर पैसे मिळणारा शेतकरी काय निवडेल, सांगायला नको.

हे वर्ध्यातच एका माणसाने ओळखलं होतं. जमनालाल बजाज यांनी १९४१ साली गोसेवा संघाचं काम हाती घेतलं आणि ११ फेब्रुवारी १९४२ ला जाईपर्यंत त्यातच राहिले. दिशा साधी: गाईची नुसती पूजा नको, तिचं दूध-तूप विकलं गेलं पाहिजे. वर्ध्याचा गोरसपाक आजही गावोगाव भेट म्हणून जातो, तो त्याच विचाराचा गोड वारसा. शिवाय कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी प्रक्षेत्रावर गवळाऊची पैदास होते.

जीटीओचा एखादा भाग मिळाला नाही तर कोणीतरी नवा पाडून देतो. शुद्ध गवळाऊची शेवटची गाय संपली तर तो भाग कुठल्याच कारखान्यात मिळणार नाही. तेव्हा पट नियमात चालू दे, पोळाही सजू दे. पण पुढच्या वेळी वर्ध्याला गेलात तर बैल किती सेकंदांत पळाला ह्याबरोबर हेही विचारा, ह्याची आई कुठली, आणि तिच्या दुधाला भाव काय मिळतो?