रक्तातील हजेरीपट

कामगाराचे खाडे किती झाले हे हजेरीपटावरून कळते. ते का झाले, हे कळत नाही. रक्तातील पेशींच्या मोजणीचेही असेच आहे.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. परंतु तो अंगात शिरूनही बहुतेक माणसे आजारी का पडत नाहीत? कारण शरीराची प्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते. या कामी पुढाकार घेणाऱ्या पांढऱ्या पेशींना आज ‘सीडी-४’ म्हणतात. १९८१ साली लॉस एंजेलिसच्या डॉ. मायकेल गॉटलिब यांना काही तरुण रुग्णांत याच पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या आढळल्या. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यामागचा विषाणू सापडला, तोच एचआयव्ही.

निरोगी माणसाच्या रक्तात, एका घन मिलिमीटरमध्ये, या पेशी साधारणतः ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही असलेल्याच्या २०० खाली उतरल्या की एड्स, असे अमेरिकेने १९९३ साली ठरविले. त्यावरून लोकांनी उलटा अर्थ काढला: पेशी कमी, म्हणजे एचआयव्हीच!

हा अर्थ चुकीचा आहे. एचआयव्ही नसलेल्या अनेक क्षयरोग्यांतही ही संख्या घटते, आणि क्षयाच्या औषधांनी पुन्हा वाढते. एचआयव्ही असेल तर घट फार खोल जाते आणि दोन्ही उपचार लागतात. कंबोडियात ६६१ क्षयरोग्यांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातील मध्यम संख्या अवघी २५ होती. क्षयाचे औषध सुरू झाल्यावर आठ आठवडे न थांबता दोनच आठवड्यांनी एचआयव्हीचे औषध दिले, तेव्हा अधिक माणसे वाचली.

आमच्या युनियनमधील एका मागवाल्याला मुकादमाने असाच आकडा पाहून घरी बसविले. त्याला एचआयव्ही नव्हता, क्षय होता. औषधाने तो बरा झाला, पेशीही वाढल्या. आम्ही दोन्ही कागद मालकापुढे ठेवून त्याला कामावर परत घ्यायला लावले. बुडालेली मजुरी मात्र मिळाली नाही.

त्या वेळी मी ‘याला तो रोग नाही’ एवढेच ओरडून सांगत होतो. आज वाटते, माझा युक्तिवाद अपुरा होता. तो रोग असता, तरी त्याची भाकरी काढून घेण्याचा हक्क कोणाला होता? १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने असा भेदभाव निषिद्ध ठरविला आहे. आकडा वैद्याला वाट दाखविण्यासाठी असतो, माणसाला वाटेला लावण्यासाठी नव्हे.