बिस्किटाचें प्रायश्चित्त

गेल्या दिवाळींत आमच्या चिरनेरच्या घरीं फराळाच्या ताटांत चकलीशेजारीं एक नवा पाहुणा येऊन बसला. उरण तालुक्यांतील हें गांव १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळें पुष्कळांस ठाऊक आहे. आज मात्र मला त्या ताटाविषयींच बोलावयाचें आहे. नातीनें ओटची भरड, कणीक, लोणी व गूळ एकत्र कालविलें, कोमट पाण्यांत भिजवून निथळलेले बेदाणे त्यांत घातले आणि विजेच्या भट्टींत १८० अंशांवर सुमारें १५ मिनिटें भाजून बिस्किटें केलीं. बेदाणे भिजविले म्हणजे ते करपत नाहींत. ओट हें स्कॉटलंडांतील लोकांचें जुनें अन्न. बेदाणे आपल्या तासगांवचे. सर्वांनीं बिस्किटें आवडीनें खाल्लीं. मला मात्र पुण्यांतील एक जुनें बिस्किट आठवलें.

ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनांत एक सभा भरली. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव यांच्या खटपटीनें शहरांतील प्रतिष्ठित मंडळी तेथें जमली होती. व्याख्यानानंतर चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं मान राखण्यापुरता पेल्यास हात लावला. पुढें उपस्थितांचीं नांवें वृत्तपत्रांत झळकलीं. त्यांत न्यायमूर्ति रानडे होते, टिळकही होते. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, ग्रामण्य माजलें. आपण काशीस प्रायश्चित्त घेतलें आहे, असें टिळकांनीं दाखविलें; रानड्यांनीं १८९२ मध्यें घेतलें, आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल ऐकले. एवढा गहजब पिठासाठीं नव्हता. पीठ कोणीं मळलें आणि बशी कोणीं पुढें केली, हा खरा प्रश्न होता.

मग बिस्किट आमच्या घरांत शिरलें कसें? माझ्या मतें नानकटाईचें बोट धरून. सुरतेच्या डच वखारीच्या भट्ट्यांतून ती पारशी भटाऱ्यांकडे आली, असें सांगतात. पावास ताडीचें आंबवण लागे. नानकटाईस ना ताडी, ना अंडें. मैदा, साखर व तूप हे जिन्नस तर आपल्याच फडताळांतले. माझ्या लहानपणीं मे महिन्यांत आजी घरीं तूप फेसून पीठ मळी आणि आम्ही मुलें तें डब्यांत भरून भट्टीवर नेत असूं. भट्टीवाला परधर्मीय. तिनें त्याच्या हातचें पाणी घेतलें नसतें; पण त्यानें भाजलेली नानकटाई ती चालवून घेई. “पीठ घरचें, आणि अग्नीला कसला विटाळ?” असें म्हणे.

श्रोतेहो, पुण्याच्या पंडितांना जो मार्ग दिसला नाहीं तो एका अशिक्षित वृद्धेनें काढला, याचें मला तेव्हां कौतुक वाटे. आज वाटतें, तो मार्ग अर्धाच होता. अग्नि तिनें शुद्ध मानला. तो पेटविणारा माणूस मात्र ओट्याखालींच उभा राहिला. डबा देतांना त्याचा हात आमच्या हातास लागूं नये म्हणून आम्ही तो खालीं ठेवीत होतों, हें मला अजून आठवतें.

त्या दिवाळींत नातीनें बिस्किटांच्या बशा आळींत सर्व घरीं नेल्या आणि त्या घरांचा फराळ घेऊन आली. तो कोणाच्या हातचा, हें आमच्या घरीं कोणीं विचारलें नाहीं. सगळीकडे तसेंच झालें आहे, असें मी म्हणणार नाहीं. परंतु जेथें तसें झालें, तेथें १८९० च्या त्या बिस्किटाचें खरें प्रायश्चित्त घडलें, असें मी समजतों.